तिकडे सर

बोरसे सर गेल्यावर कॉलेजच्या स्मरणिकेसाठी मला फोन आला. "मॅडम, त्यांच्या हाताखाली सर्वांत जास्त वर्षं तुम्हीच होतात. दोन पानं द्या, गोड आठवणींची." मी म्हटलं, गोड हव्या असतील तर दुसरं दार बघा. पलीकडच्या नव्या प्राध्यापकाला वाटलं मी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नव्हते. धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या कॉलेजात मी बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते आहे. त्यातली चौदा वर्षं बोरसे सर विभागप्रमुख होते आणि त्या चौदा वर्षांत माझं त्यांच्याशी एक दिवस पटलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी फसायला नको.

मुलं त्यांना 'तिकडे सर' म्हणायची. विभागप्रमुख होण्याआधी सर सहा महिने उत्तरेकडच्या एका थंड देशात शिकून आले होते. तिथली माणसं परक्या मुलखातून भराभर वाढणारी झाडं आणतात, ती बर्फात वाढवतात, तीन-चार वर्षांनी जमिनीलगत कापतात, खोडातून पुन्हा फुटवे आले की पुन्हा कापतात, आणि त्या लाकडाच्या चुऱ्यावर बॉयलर चालवून गावंच्या गावं ऊबदार राहतात. हे सगळं सरांनी डोळ्यांनी पाहिलं आणि तिथून जे परत आलं ते फक्त त्यांचं शरीर. प्रत्येक वाक्य 'तिकडे'पासून सुरू. "तिकडे सूर्य दुपारी तीनला घरी जातो मॅडम, तरी झाड वाढतं. आपला सूर्य ओव्हरटाइम करतो आणि आपण चुलीत पऱ्हाट्या घालतो." कपाशीच्या वाळक्या काड्यांवर अख्ख्या खान्देशाच्या चुली पेटत आल्या आहेत, त्यावर माझी आई, आजी स्वयंपाक करत आल्या. पण सर ते असं सांगायचे, की आम्ही काही चोरी करतो आहोत.

बांधा बुटका, खांदे रुंद, आणि अंगावर तिकडून आणलेला जाड लोकरी कोट. धुळ्याला थंडी पडते, नाही असं नाही, पण सरांचा कोट दिवाळीला चढायचा तो होळीला उतरायचा. कोटाच्या एका खिशात शिंप्याचा टेप. कुठलंही झाड दिसलं की छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायचा, आकडा तळहातावर लिहायचा आणि झाडाकडे न बघता वजन सांगायचं. एकदा पांझरेच्या पुलाजवळ आम्ही सगळे एका कडुलिंबाखाली चहा घेत होतो. चहावाल्याचा बाप, आजा त्या सावलीत बसलेला. सर झाडाला वळसा घालून आले आणि म्हणाले, "चार क्विंटल. वाळून." चहावाल्याने त्यांना त्या दिवसापासून साखर कमी घालायला सुरुवात केली. मला तो चहावाला फार आवडायचा.

'वाळून' हा त्यांचा दुसरा शब्द. ओल्या लाकडात निम्मं पाणीच असतं, ते खरं वजन नव्हे, हे शास्त्र झालं. पण सरांनी ते सगळ्या दुनियेला लावलं. "ओलं वजन सांगू नका, वाळल्यावर सांगा." विद्यार्थ्याला चांगले मार्क पडले, तरी हेच. कोणाचं लग्न ठरलं, तरी हेच. मराठीच्या एका वयस्कर सरांचा निरोपसमारंभ होता. भाषणांवर भाषणं झाली, ज्ञानाचा महासागर वगैरे. शेवटी बोरसे सर उठले. "ओलं वजन बरंच झालं," ते म्हणाले. "पाच वर्षांनी जमू आणि वाळून किती उरले ते बघू." आणि बसले. सत्कारमूर्तींच्या पत्नी पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी स्टाफरूममध्ये सरांना तोंडावर विचारलं, हे शोभतं का. ते म्हणाले, "मी काय वाईट बोललो? वजन उरणार नाही असं म्हटलं का?"

माझं आणि त्यांचं वैर मात्र या असल्या बोलण्यावरून नाही. ते सात झाडांवरून आहे.

माझ्या संशोधनाचा विषय अंजन. आपल्या खान्देशातलं जुनं, हट्टी झाड. मुरमात उभं राहतं, उन्हाळ्यात हिरवं दिसतं, लाकूड असं की कुऱ्हाडीची धार जाते. पण वाढायला पिढ्या घेतं. कॉलेजच्या मागच्या पटांगणात अशी सात झाडं होती. दर महिन्याला मी त्यांची मापं घ्यायचे. चार वर्षांची नोंद होती. त्या जानेवारीत सर तिकडून परतले. संक्रांतीच्या सुट्टीला मी धरणगावला गेले, परत आले तर पटांगणात सात बुंधे. प्राचार्यांची सही घेतलेली होती. आणि बुंध्यांच्या मधल्या जागेत ओळीने बारा काटक्या रोवलेल्या. पॉपलरच्या. त्या काटक्या सरांनी ओल्या मोज्यात गुंडाळून, कोटाच्या अस्तरात लपवून विमानातून आणल्या होत्या. हे त्यांनी स्वतःच मला कौतुकाने सांगितलं.

मी बुंधे मोजले. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

"मॅडम," सर म्हणाले, "तुमचं अंजन वाढेपर्यंत बॉयलर गंजून जाईल."

विभागाच्या व्हरांड्यात त्यांनी एक बंब आणून ठेवला होता. आंघोळीचं पाणी तापवायचा, साधा, घराघरांत असतो तो. ती सरांची प्रयोगशाळा. ठरावीक वजनाचं लाकूड आत घालायचं, घड्याळ लावायचं, पाण्याला उकळी कधी येते ते लिहायचं. बाभूळ, कडुलिंब, पऱ्हाटी, सगळ्यांची मिनिटं भिंतीवर खडूने लिहिलेली. वर्षभराने माझी अंजनं वाळली तेव्हा तीही त्या बंबात गेली. सरांनी भिंतीवर लिहिलं, 'अंजन, नऊ मिनिटं.' त्या भिंतीवर इतकी कमी मिनिटं दुसऱ्या कोणालाच नव्हती. मी पाहते आहे हे त्यांना ठाऊक होतं. "लाकूड उत्तम आहे," ते म्हणाले, "पण तेवढा वेळ कोणाकडे आहे?"

पॉपलरच्या काटक्यांचं काय झालं म्हणाल, तर फेब्रुवारीत त्यांना पानं फुटली. लुसलुशीत, तकतकीत. सर दिवसातून चारदा जाऊन बघायचे. एप्रिलमध्ये त्यांनी त्यांच्यावर गोणपाट बांधलं, सकाळ-संध्याकाळ स्वतः बादल्या ओतल्या. मे महिन्यात बाराच्या बारा कोळपल्या. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मला वाटलं आता तरी माणूस खाली बघेल. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. सरांनी त्या काटक्या उपटल्या, उन्हात वाळवल्या, बंबात घातल्या आणि भिंतीवर लिहिलं, 'पॉपलर, चौदा मिनिटं. हलकं.' दुसऱ्या दिवसापासून ते सुबाभळीच्या मागे लागले. तीही परकीच, पण ऊन सोसणारी.

आता अक्का.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धरणगावजवळ तिचं तीन एकर कोरडवाहू वावर. मेहुणे गेले, मुलगे सुरतेला. कपाशी एकटीने होईना. आणि वावर पडीक ठेवायची सोय नव्हती, कारण शेजारच्या बांधाला तिचा दीर, पंढरीनाना, डोळा लावून बसलेला. माणूस गोड बोलणारा. "वहिनी, तुम्ही कसाले तरास करतस, मी नांगर फिराई देसू." एकदा त्याचा नांगर फिरला की पीक त्याचं, पीक त्याचं म्हणजे पीकपाहणीला नाव त्याचं, आणि मग अक्का स्वतःच्या वावरात पाहुणी. तिला दुसरं काही नको होतं. वावर आपल्या हातात राहावं, एवढंच.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अक्का माझ्याकडे आली होती. डोळ्यावर हिरवी पट्टी. त्याच वेळी सर पेपरांचा गठ्ठा द्यायला आले, चहाला थांबले आणि अक्काने तिचं रडगाणं सांगितलं. मी स्वयंपाकघरातून कप घेऊन येईपर्यंत सगळं ठरलं होतं.

"अक्का, झाड लावा," सर सांगत होते. "सुबाभूळ. एकदा लावली की निंदणी नाही, फवारणी नाही. तीन वर्षांनी कापा, लाकडाचा भुसा दाबून पांढरा कोळसा बनवणारे कारखाने गाडी घेऊन दारात येतात. खोड ठेवा, पुन्हा फुटतं. वावरात झाड उभं असलं की कोण म्हणेल पडीक आहे?"

"माले एकलीले व्हई का सर?"

"तिकडे सत्तर वर्षांच्या बाया एकट्या करतात."

मी विरोध केला. म्हटलं, सुबाभळीचं बी उडतं, बांधावर, नाल्यात, शेजाऱ्याच्या वावरात, एकदा घुसली की निघत नाही. अक्काने पट्टीखालून माझ्याकडे तोंड वळवलं. "तू मना वावरले दुसरं काय देशी, ते सांग." माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. अंजन लाव असं कुठल्या तोंडाने सांगणार होते?

पावसाळ्यात तीन एकरांत रोपं लागली. दिवाळीपर्यंत कमरेएवढी झाली. आणि पुसात अशी थंडी पडली, की पहाटे गवतावरचं दव गोठलं. अक्काचं वावर नाल्याकाठी, खोलगट. थंडी तिथे साचते. चार दिवसांत सगळी झाडं काळी पडली. मी शनिवारी गेले तेव्हा बांधावर पंढरीनाना उभा होता आणि सर वावरात गुडघे टेकून बसले होते, अंगात तोच कोट. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. अक्काचा चेहरा पाहून तो आवरला.

सर एकेका खोडाची साल नखाने खरवडत खाली खाली येत होते. घोट्याच्या उंचीवर आल्यावर थांबले. सालीखाली हिरवं होतं.

"कापा," ते म्हणाले. "सगळी. वीतभर ठेवून. मूळ जिवंत आहे, जोरात फुटेल. तिकडे तर मुद्दाम कापतात."

कापली. माघ संपता संपता प्रत्येक खोडावर आठ-आठ, दहा-दहा फुटवे आले. आणि इथून पुढचं मी गेल्या हिवाळ्यापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

फाल्गुनातली गोष्ट. सर परीक्षांत अडकलेले. शुक्रवारी स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "उद्या धरणगावला जाताय ना? अक्कांना निरोप द्या. जेवढे फुटवे आलेत तेवढे राहू द्या, एकालाही हात लावायचा नाही. दाटी झाली की वारा सोसतात. फोनवर सांगून उपयोग नाही, त्या सगळ्याला हां म्हणतात." ते खरं होतं. अक्काला कमी ऐकू येतं आणि फोनवर ती हां शिवाय बोलत नाही. मी बरं म्हटलं. त्याच दिवशी दुपारी त्यांनी अंजनावरचा माझा लेख परत केला होता. दोन वर्षांचं काम, आणि समासात एकच ओळ, 'वाळल्यावर बघू.'

शनिवारी मी गेले. अक्काने कळण्याची भाकरी, भरीत केलं होतं. ओट्यावर असोद्याचे सुपडूभाऊ बसले होते. त्यांची लेक धरणगावला दिलेली, तिच्याकडे आले होते. सगळी हयात केळीच्या बागेत गेलेला माणूस. अक्काने त्यांना वावराचं काही काम असलं तर बघायला सांगितलं होतं.

"बाई, खोडाले लय पिलं फुटले," सुपडूभाऊ म्हणाले. "त्याचं काय कराचं?"

केळीच्या बुंध्याशी जे कोंब येतात त्यांना आपल्याकडे पिलं म्हणतात. ती विळ्याने काढून टाकायची, नाहीतर घड पोसत नाही. एकच जोमदार, सरळ ठेवायचं. हे असोद्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

अक्का माझ्याकडे वळली. "तू शिकेल शेस. सरनी काही सांगेल शे का?"

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हटलं, "मला त्यांच्या झाडातलं काही कळत नाही."

एवढंच म्हटलं मी. खोटं एक अक्षर नव्हतं. निरोप तेवढा सांगितला नाही.

सुपडूभाऊंनी दोन दिवसांत तीन एकर साफ केलं. विळा असा चालवला, की बघत राहावं. खोडाला एक फुटवा, सरळ, जोमाचा, बाकी सगळे बकऱ्यांना. चैत्रात वावधान, वादळी वारं, सुटलं. आधाराला शेजारी नाही, खुंटाला बाजूने चिकटलेला एकटा कोवळा फुटवा. एका दुपारी निम्मे मोडले, दुसऱ्या दुपारी उरलेले. वावरात नुसती वीतभर खुंटं उभी राहिली. पंढरीनाना संध्याकाळी अक्काच्या दारात येऊन बसला. "वहिनी, आते काय राह्यनं तठे? सोमवारी ट्रॅक्टर फिराई देस."

अक्काचा फोन मला आला. ती हां म्हणत नव्हती, रडत होती.

तिने सरांनाही कळवलं होतं; रविवारी मी पोचले, त्याआधीच ते आले होते. एसटीने, एका हातात चुन्याचा डबा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाकडी पाटी. त्यांनी एका खुंटावरची विळ्याची खूण पाहिली. मग दुसऱ्यावरची. मग सुपडूभाऊंना विचारलं, "कोणी सांगितलं हे?"

"कोनी नाही सांगतलं. केळीले आपून एकच ठेवतो, तसंच केलं."

सर वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा माणूस बोलणार, आणि सात झाडांचा, लेखाचा, सगळ्याचा सूड माझ्यावर उलटणार. अक्का म्हणाली, "सर, तुम्ही काहीच निरोप नही धाडा."

"विसरलो, अक्का," सर म्हणाले. "परीक्षांच्या गडबडीत राहून गेलं."

तेव्हा बोलायला हवं होतं आणि मी बोलले नाही. उलट मला त्यांचा जास्तच राग आला. उपकार करणाऱ्याचा येतो तसा.

सोमवारी पंढरीनाना ट्रॅक्टर घेऊन आला, तेव्हा वावराच्या तोंडाशी पाटी रोवलेली होती. 'प्रायोगिक क्षेत्र. हात लावू नये.' खाली कॉलेजचं नाव. याला ना प्राचार्यांची परवानगी होती, ना कोणाची. आत सर भर उन्हात, कोट डोक्यावर घेऊन, प्रत्येक खुंटावर चुन्याने नंबर घालत होते.

"हाई काय शे?" नानाने विचारलं.

"प्रयोग."

"सरकारी शे का?"

"वाचा."

"समजा, ट्रॅक्टर लागना एखाद्या खुंटले. मंग?"

सरांनी ब्रश डब्यात बुडवला. "पंचनामा," ते म्हणाले.

त्या एका शब्दाला नाना भ्याला. गावात कोर्टाला भीत नाहीत तेवढं पंचनाम्याला भितात. त्याने ट्रॅक्टर मागे घेतला. सर तीन दिवस धरणगावला राहिले आणि शेवटच्या खुंटापर्यंत नंबर घातले. आषाढात ती खुंटं पुन्हा फुटली. या खेपेला कोणी हात लावला नाही. चौथ्या वर्षी पहिली तोड झाली. अक्काच्या सातबाऱ्यावर आजही तिचं नाव आहे आणि पीक म्हणून झाडं लिहिलेली आहेत.

पण गैरसमज नको. सर देव झाले नाहीत. धरणगावहून परतल्यावर त्यांनी एक लांबट वही आणली आणि मला बोलावलं. वहीत रकाने आखलेले. निरोप, कोणाला, पोचवला, सही, तारीख. त्या दिवसापासून ते निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला एकही निरोप तोंडी दिला नाही. शिपायाला नळ बंद करायला सांगायचं असलं, तरी वही. मी सांगून यायचे आणि सही करायचे, सगळ्या विभागासमोर. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याचं खूळ. चोराच्या मनात चांदणं. मला एकटीला माहीत होतं. दहा वर्षं त्यांनी मला त्या वहीने रोज एकेक टाचणी टोचली. तक्रार कुठे करणार?

त्यात अक्का. दरवर्षी ती सरांसाठी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी माझ्याबरोबर द्यायची आणि वर सांगायची, "मास्तरले म्हना, ध्यानमा ठेवत जा. भला माणूस, पन भलता इसरभोळा." आणि तो निरोप मी न्यायचे. सर शेंगा घ्यायचे, निरोप शांतपणे ऐकायचे, आणि म्हणायचे, "पोचला. सही करा."

सुबाभळीचं मात्र माझंच खरं ठरलं. बी नाल्याने गेलं, शेजाऱ्यांच्या बांधांवर रान माजलं, लोक अक्काला बोल लावतात. मी सरांना ऐकवलं. ते म्हणाले, "तिकडे शेंग धरायच्या आत कापतात." मी विचारलं, "मग इकडे कोणी सांगायचं होतं?" दर शनिवारी मी बांधावरची रोपं उपटते. अजूनही.

सर निवृत्त झाल्यावर दोन वर्षं मी त्यांच्या घराकडे फिरकले नव्हते; अक्काच्या शेंगाही शिपायाच्या हाती धाडल्या. गेल्या पुसात पुन्हा तशीच थंडी पडली. सरांच्या सुनेचा फोन आला, "बाबा तुम्हाला बोलावताहेत. बरे नाहीत." देवपुरातच घर. गेले. ओट्यावर तोच बंब, त्याच्याजवळ खुर्चीत सर. कोट तोच, पण आतला माणूस निम्मा झालेला. कोटाची कॉलर कानांपर्यंत आली होती.

"मॅडम, वाळलो," ते म्हणाले. "आता सांगा वजन."

"जीभ अजून ओली आहे," मी म्हटलं.

त्यांनी मांडीवरची वही उघडली. पहिलं पान. त्या पानावर एकच ओळ होती, तीही अर्धी. 'फुटव्यांना हात लावू नये. अक्का, धरणगाव.' पुढचे तिन्ही रकाने कोरे. दहा वर्षं मी त्या वहीत सह्या केल्या, पण पहिलं पान त्यांनी कधी मागे उलटू दिलं नव्हतं. त्यांनी पेन पुढे केलं.

"एवढी एक राहिली आहे."

"पोचवलाच नाही, तर सही कशी करू?"

"तेच म्हणतोय," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धरणगावची गाडी धरली. अक्का अंगणात तूर पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. स्टाफरूम, भाकरीचा तुकडा, माझं ते वाक्य. सूप थांबलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने तुरीत बोटं फिरवली.

"बारा वरीस मी त्या माणूसले इसरभोळा म्हनं," ती म्हणाली, "आनि तूच तो निरोप लई गयी."

ती उठली. जेवायला वाढलं, मुकाट्याने. मी निघताना तिने ताज्या तोडलेल्या सुबाभळीची एक मोळी बांधली आणि माझ्या पायाशी ठेवली. "मास्तरना बंबले," एवढंच म्हणाली. एसटीत कंडक्टरने त्या मोळीवरून माझी चांगली हजेरी घेतली. मी ऐकून घेतली.

तसंच थेट सरांकडे गेले. मोळी ओट्यावर ठेवली. "पोचवला," मी म्हटलं. सरांनी एक काटकी काढली, वास घेतला, नख रुतवलं. "ओलं आहे," ते म्हणाले. मग वही दिली. मी सही केली.

"तारीख," सर म्हणाले.

"कुठली घालू?"

"पोचला त्या दिवसाची."

मी त्याच दिवसाची घातली. त्यांनी ते पान लांब धरून वाचलं आणि वही मिटली. मग विचारलं, "अक्का काय म्हणाल्या?" मी सांगितलं, जसंच्या तसं. सर हसले. त्यांना हसताना मी फार कमी पाहिलं होतं. दात पुढचे दोन पडलेले होते.

"शेंगा बंद करू नका म्हणावं," ते म्हणाले. "लिहून देऊ?"

"नको. सांगते मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वही खुर्चीखाली सरकवली आणि मान हलवली. मी फाटकापर्यंत आले, वळून पाहिलं. सर खुर्चीतून वाकून अक्काची लाकडं एकेक करून बंबाच्या कडेने उभी करत होते, वाळायला. ओली होती म्हणून आत घातली नाहीत. ती वाळेपर्यंत सर राहिले नाहीत.

शेंगांचा निरोप मी त्याच शनिवारी पोचवला होता. अक्का नुसती हां म्हणाली, आणि ते फोनवर नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर सुनेने ती मोळी मला आणून दिली; म्हणाली, आम्ही गॅसवर पाणी तापवतो. मे महिन्यात ती कडकडीत वाळली. मी माझ्या घरचा बंब काढला, सरांच्या पद्धतीने लाकूड तोललं, आत घातलं आणि घड्याळ लावलं. अकरा मिनिटं लागली. अंजनाला नऊ लागली होती. हे त्यांना तोंडावर ऐकवायचं राहून गेलं.